लोणारचा वळसा किती रुपयांना पडतो?

लोणार पाहून आलेले बरेच जण सरोवर फक्त वरूनच पाहून आलेले असतात. कठड्याशी उभं राहायचं, फोटो काढायचे, दैत्यसूदनाच्या मंदिरात डोकावायचं आणि परतीला लागायचं. छत्रपती संभाजीनगरहून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरचा प्रवास आणि सरोवरापाशी जेमतेम अर्धा तास. खर्चाच्या मानाने पाहिलं तर हा सगळ्यात महागडा लोणार. विवरात उतरून जंगलातल्या वाटेने पाण्याकडेने वळसा घालायला वरखर्च फार थोडा येतो, पण अर्धा दिवस हाताशी लागतो. म्हणून हिशेब मांडताना आधी वेळेचा मांडावा, मग पैशांचा.

विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. काठापासून तळापर्यंत सुमारे 135 मीटर उतरावं लागतं, आणि तेवढंच चढून परत यावं लागतं. म्हणजे फेरी संपता संपता, ऊन वर आलेलं असताना, चाळीस-पंचेचाळीस मजले जिन्याने चढण्याइतके कष्ट शिल्लक असतात. पाण्याचा घेर चार किलोमीटरच्या आसपास आहे. उतार, चढ आणि मंदिरांपाशी आत-बाहेर करणं धरून सहा-सात किलोमीटरची चाल होते. न थांबता चालणारा माणूस तीन तासांत वर येईल, पण इथे न थांबणं हाच तोटा आहे. चार ते पाच तास धरा. गुडघ्यांची तक्रार असेल तर उतरण्याचा आग्रह धरू नका. विवराच्या काठावरूनही पायी फिरता येतं आणि तिथून खडकांची रचना उलट जास्त स्पष्ट दिसते.

आता प्रवास. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो आणि बचतही इथेच होते.

एसटीने जाणाऱ्यांसाठी जालना हे सोयीचं ठिकाण. मुंबई-नांदेड तपोवन एक्स्प्रेससारख्या गाड्या जालन्याला थांबतात आणि तिथून लोणार नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. थेट गाडी मिळाली नाही तर सिंदखेडराजामार्गे सुलतानपूर किंवा मेहकर गाठायचं आणि तिथून लोणारची गाडी पकडायची. 25 जानेवारी 2025च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला 6 किलोमीटरच्या टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात, म्हणजे जालना-लोणार एका माणसाला दीडशेच्या घरात. महिलांना 17 मार्च 2023पासून सगळ्या प्रकारच्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र मात्र जवळ ठेवा, वाहक मागतो आणि त्याने मागायलाच हवं. नवरा-बायको दोघं जालन्याहून गेले तर जाण्यायेण्याचे चारशे-साडेचारशे रुपये होतात. याच्याहून स्वस्त काहीही नाही.

स्वतःची मोटार असेल तर छत्रपती संभाजीनगरहून दीडशे किलोमीटर एका बाजूचे. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर जाण्यायेण्याचं इंधन 2,100 रुपयांचं. चार जणांत वाटलं की माणशी सव्वापाचशे. नागपूरकरांना समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरणं सोपं पडतं. 1 एप्रिल 2025पासून तिथे मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे पथकर आहे, त्यामुळे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या टप्प्याला एका बाजूचे साडेपाचशे ते सहाशे रुपये वेगळे काढा. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, हे निघण्याआधी पाहा. दुचाकीला समृद्धीवर परवानगी नाही.

भाड्याच्या मोटारीत एक खाच आहे आणि ती बुकिंग करतानाच विचारून घ्यायची. गाडीवाले बहुधा दिवसाला कमीत कमी 300 किलोमीटरचं भाडं लावतात, गाडी तेवढी फिरो वा न फिरो. किलोमीटरला 14 रुपये धरले तर छत्रपती संभाजीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायला 4,200 रुपये पडतात. तिथे मुक्काम केला की दोन दिवसांचे 600 किलोमीटर लागू होतात. 8,400 रुपये आणि वर चालकाचा भत्ता. गाडी मात्र एकूण तीनशेच किलोमीटर फिरलेली असते. भाड्याचीच गाडी करायची असेल तर पहाटे चारला निघा आणि एका दिवसात उरका. मुक्काम करायचा असेल तर एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने जा. दोन्ही एकत्र केलं की खर्च निष्कारण दुप्पट होतो.

माझं मत मुक्कामाच्या बाजूचं आहे. लोणारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे आणि गावात साधे लॉजही आहेत. दोघांच्या खोलीला दीड ते अडीच हजार धरून चला, सुट्टीच्या दिवसांत वरच्या बाजूने. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं, संध्याकाळी काठावरून सरोवर आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं की पहिल्यांदा आपणच उतरायचं. सकाळी सातला उतरलेला माणूस बाराच्या आत सावकाश वर येतो. दहाला उतरलेला माणूस भर दुपारी चढ चढतो. मे महिन्यात हा फरक जिवावर बेतू शकतो.

विवरातल्या पायवाटेवर कुठे दुकान नाही, टपरी नाही. माणशी दोन लिटर पाणी वरूनच घेऊन उतरायचं. धारेच्या गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडतं, पण ती धार काठाजवळ आहे, तळात नाही. सरोवराच्या पाण्याचा सामू 10च्या घरात आहे. ते पिण्याचं नाही, चूळ भरण्याचंही नाही. कडेचा चिखल वरून सुकलेला दिसतो आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जातो, गंधकासारखा वास येतो. चपला घालून उतरू नका. चांगल्या पकडीचे जुने बूट पुरतात, नव्यांवर खर्च करायची गरज नाही.

आता वाटाड्याचे पैसे. ते वाचवावेत असं मला मुळीच वाटत नाही. चार-पाच तासांच्या फेरीसाठी गटामागे 800 ते 1,000 रुपये बाजूला काढा. ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. रक्कम माणशी नाही, गटाची. आणि फेरी पूर्ण, फक्त पाण्याकाठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत जाऊन परत फिरायचं नाही. हे अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर सांगितला जातो आणि झाडीत वाटा फुटतात. एकट्याने उतरू नये, हे एक कारण. पण मोठं कारण वेगळं आहे. वाटाड्या नसेल तर तुमच्या नजरेला फक्त झाडं आणि पाणी पडतं.

चांगला वाटाड्या उतरतानाच थांबवतो आणि बेसाल्टचे थर दाखवतो. दख्खनच्या पठारावर हे थर एरवी आडवे पसरलेले असतात. इथे काठाशी ते वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. उल्केच्या आघाताने खडक उखडून मागे लोटला गेल्याची ही खूण. पूर्वी याला ज्वालामुखीचं तोंड समजत असत. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं मांडलं गेलं. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार खनिजाची काच होते, ती ही. ज्वालामुखीत असा दाब तयार होत नाही. विवराचं वय आधी 50 हजार वर्षांच्या आसपास धरत. पुढे आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. पाटीवर आणि वाटाड्याच्या तोंडी दोन्ही आकडे मिळतील, गोंधळू नका.

पाण्याकाठी लोहचुंबक मातीत फिरवला की काळी बारीक पूड त्याला केसांसारखी चिकटते. हा प्रयोग आवर्जून पाहा, मुलं असतील तर घरून चुंबक न्या. ती पूड मॅग्नेटाइटची, आणि ते बेसाल्टमधूनच सुटून येतं. उल्केचं लोखंड म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, आणि ‘उल्केचा दगड’ म्हणून कुणी काही विकायला आणलं तर एक रुपयाही देऊ नका. खाली पडलेला दगडही खिशात घालायचा नाही. अभयारण्यातून काही उचलून नेणं गुन्हा आहे, आणि 1979पासून हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे. नोव्हेंबर 2020मध्ये ते रामसर यादीत गेलं, ते इथल्या पाणथळीसाठी. हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक दिसतात, काठाला शेकाट्या. दुर्बीण असेल तर न्या.

जून 2020मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. ती छायाचित्रं पाहून पैसे खर्चू नका. क्षार वाढल्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. एरवी पाणी हिरवट असतं.

प्रवेशशुल्क आणि वाहनतळाचे पैसे एकूण हिशेबात किरकोळ आहेत. चौघांसाठी 400 रुपये राखून ठेवा, फाटकावरच्या फलकाशी दर ताडून पाहा आणि पावती मागून घ्या. जेवणाला गावात माणशी दीडशे धरा. भाकरी, पिठलं, ठेचा मिळाला तर तोच खा.

सगळं एकत्र केलं की चित्र असं दिसतं. दोघं जण, जालन्याहून एसटी, एक मुक्काम, वाटाड्या, जेवणखाण: साडेचार हजारांच्या आसपास. चौघं, छत्रपती संभाजीनगरहून स्वतःची मोटार, दोन खोल्या, एक मुक्काम: दहा हजार, माणशी अडीच. हीच सहल मुक्कामाशिवाय केली तर पाच हजारांत होते, माणशी साडेबाराशे. पण मग पहाटे निघून वेळेत उतरण्याची शिस्त सगळ्यांनी पाळायला हवी. चौघांतला एकही जण उठायला कुरकुर करणारा असेल तर खोलीचे पैसे द्या.

जायचं कधी? नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. पावसाळ्यात विवर सुंदर दिसतं, पण उतार निसरडा होतो. हिवाळ्यातही एक गोष्ट सांभाळा. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंती असते आणि जालन्याकडून येणारा रस्ता तिथूनच जातो. जिजाऊंच्या जन्मस्थळी त्या दिवशी जायचं असेल तर तेच मनात धरून जा, लोणार जोडू नका. एरवी मात्र सिंदखेडराजा वाटेवरच आहे, जादा पेट्रोल लागत नाही. लखुजी जाधवांचा राजवाडा पाहायला येताना तासभर काढा. नवरात्रात कमळजादेवीला भाविकांची रीघ असते, तेव्हा खालच्या वाटेवर निवांतपणा मिळत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी एक फोन करायचा, निवासस्थानाला किंवा ठरवलेल्या वाटाड्याला, आणि एवढंच विचारायचं: पाणी कुठपर्यंत आहे? पातळी वाढली की काठची वाट बुडते, कमळजादेवीच्या मंदिरालाही पाणी लागतं आणि पूर्ण वळसा होत नाही. तसं असेल तर वाटाड्याशी अर्ध्या फेरीचा दर आधीच ठरवा, वाचलेल्या वेळात काठाने चाला आणि अंबर तळ्याकडे जा. तिथला निजलेला मारुती आणि ते धाकटं तळं बहुतेकांच्या यादीत नसतं.