संगणक कोठे अडला?



आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागातील जुन्या संगणकाचा मदरबोर्ड एकदा निकामी झाला. आम्ही नवा मदरबोर्ड आणि त्याला जुळणारे प्रोसेसर व रॅम आणले. पेटी, विद्युतपुरवठा आणि हार्डडिस्क मात्र जुनीच ठेवली. त्या डिस्कवर गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता घेतलेल्या या नोंदींची दुसरी प्रत नव्हती. ही चूक आमचीच.

जोडणी पूर्ण झाली. कळ दाबताच पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच राहिला. आता दोष शोधायचा कसा?

समजा, नागपूरहून निघालेली गाडी गोंदियाला पोचली नाही. आपण काय विचारतो? भंडारा रोड सुटले का? तुमसर रोड? तिरोडा? गाडीने तुमसर रोड सोडले असेल आणि ती तिरोड्याला आली नसेल, तर अडचण या दोहोंच्या मध्येच आहे; बाकीचा मार्ग तपासण्याचे कारण नाही. संगणक सुरू होतो तेव्हाही अशीच काही स्थानके ठराविक क्रमाने येतात. तो कोणत्या स्थानकापर्यंत पोचला, एवढेच आधी ठरवायचे.

पहिले स्थानक : वीज. विद्युतपुरवठ्याची पेटी घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश दाब तयार करते. सर्व दाब स्थिर झाले की ती बोर्डाला तसा संकेत देते. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो.

दुसरे स्थानक : प्रोसेसर. तो प्रथम बोर्डावरील एका चिपमध्ये कायम साठवलेल्या सूचना वाचतो. या सूचनासंचाला पूर्वी बायोस म्हणत. आजच्या बोर्डांवर त्याची जागा युईएफआयने घेतली आहे. हा संच जुना असेल, तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही.

तिसरे स्थानक : रॅम. तिची पट्टी खाचेत पूर्ण बसलेली नसेल, तर गाडी येथे अडते. डीडीआर५ जातीच्या रॅमला पहिल्या वेळी जुळवणीसाठी काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ धीर धरावा.

चौथे स्थानक : चित्र. काही प्रोसेसरमध्ये चित्र तयार करणारा भाग नसतोच. अशा वेळी पडद्याची तार बोर्डाला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाला जोडावी लागते.

पाचवे स्थानक : डिस्क. येथून विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली रॅममध्ये आणली जाते.

गाडी कोठे आहे हे कळण्याची सोयही असते. जुने बोर्ड शिट्टीसारखे आवाज करीत. आजच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, चित्र व डिस्क यांसाठी चार बारीक दिवे असतात. जेथे अडले तेथील दिवा पेटून राहतो. आमच्या बोर्डावर प्रोसेसरचा दिवा पेटलेला होता.

पंखे फिरत होते, मग वीज नाही असे कसे? बोर्डाला २४ टाचण्यांच्या मोठ्या जोडणीतून वीज मिळते व पंखे तीवर फिरतात. प्रोसेसरसाठी मात्र १२ व्होल्टची वेगळी जोडणी असते. याचे कारण तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. ६५ वॅटच्या प्रोसेसरला १२ व्होल्टवर सुमारे ५.४ अँपिअर प्रवाह लागतो. बोर्ड हा दाब सुमारे १.२ व्होल्टपर्यंत उतरवतो, तेव्हा प्रवाह ५४ अँपिअरच्या घरात जातो! एवढ्या मोठ्या भागासाठी स्वतंत्र तार हवीच. आमची ती तार पेटीच्या मागच्या बाजूस दडून राहिली होती. ती जोडली आणि पडदा उजळला.

पण आनंद क्षणभरच टिकला. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा संदेश आला. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकू या का?" मी म्हटले, "थांब रे! गाडी आता शेवटच्या स्थानकाजवळ आहे. आत माल आहे."

डिस्क बिघडलेली नव्हती. युईएफआयच्या यादीत तिचे नाव दिसत होते. फरक पद्धतीत होता. जुना बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतील छोटा कार्यक्रम वाचून पुढे जात असे. युईएफआय डिस्कवरील एका खास विभागात ठराविक फाइल शोधते. आमची डिस्क जुन्या पद्धतीची, तर बोर्ड नव्या पद्धतीचा. सुदैवाने त्या बोर्डावर जुनी पद्धत चालू करण्याची सीएसएम नावाची सोय होती. ती चालू केली आणि कार्यप्रणाली उघडली. पहिले काम केले ते नोंदींच्या दोन प्रती काढण्याचे. ही सोय सर्वच नव्या बोर्डांवर नसते. तेव्हा डिस्क दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी व आधी प्रत काढावी. फॉरमॅटची घाई केली असती, तर अकरा पावसाळे आमच्याच हाताने पुसले गेले असते.

यात आम्ही कोणतीही जादू केली नाही. एका वेळी एकच बदल केला आणि प्रत्येक बदलाचा परिणाम वहीत लिहिला. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना?

एक इशारा मात्र विसरू नका. पेटी उघडण्यापूर्वी तार भिंतीतून काढा व पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत घालवा. विद्युतपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नका. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि आतील धारित्र तार काढल्यावरही तो भार काही काळ धरून ठेवते.

विचार करा

१. ९६ वॅटच्या प्रोसेसरला १२ व्होल्टवर किती प्रवाह लागेल?

२. रॅम व विद्युतपुरवठा एकाच वेळी बदलले आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे सांगता येईल का?

३. तुमच्या शाळेतील कोणत्या नोंदींची एकच प्रत आहे? ती आजच शोधा.