जुने डिझेल इंजिन सुरू होत नसेल तर

गव्हाच्या पेरणीस तीन आठवडे होत आले, की रोपास मुकुटमुळे फुटू लागतात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या या अवस्थेत पाण्याची पाळी चुकली, तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. नेमक्या अशाच वेळी विजेचा पंप बंद पडावा, पडवीत दोन-तीन वर्षे झाकून ठेवलेले डिझेल इंजिन विहिरीवर न्यावे, आणि तासभर हँडल मारूनही ते सुरू होऊ नये, हा अनुभव बागायतदारांस नवा नाही. मग तालुक्याहून मिस्त्री येतो, हेड उतरवले जाते, रिंगा बदलल्या जातात. पाण्याची पाळी हुकते, पैसा जातो, आणि पुष्कळदा अखेरीस असे आढळते, की इंजिनात दोष नव्हताच. तेलाच्या नळीत हवा अडकली होती.

असे होऊ नये यासाठी इंजिन कशाने पेटते हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. डिझेल इंजिनास ठिणगी देणारा प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरातील हवा मूळ जागेच्या सोळा-सतराव्या हिश्शाइतकी दाबतो, त्या दाबाने हवा सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच होते. विहिरीवरील ५ अश्वशक्तीचे किर्लोस्कर असो, की लिस्टरच्या धर्तीवर राजकोटला बनलेले जड चाकांचे ६५० फेऱ्यांचे इंजिन असो, तत्त्व बदलत नाही. तेव्हा इंजिन सुरू होत नसेल तर प्रश्न दोनच उरतात: तेल फवाऱ्याच्या रूपाने आत पोहोचते काय, आणि हवा पुरेशी तापते काय?

या दोन्हींचा निवाडा पाना हाती न घेता करता येतो. हँडल मारताना सायलेन्सरकडे पाहावे. धूर मुळीच निघत नसेल, तर तेल आत जात नाही असे समजावे. पांढरा, डोळ्यांस झोंबणारा धूर निघत असेल, तर तेल जाते पण पेटत नाही. पहिल्या प्रकारात हेडला हात लावण्याचे काहीच कारण नाही. ग्रामसेवकाने शेतकऱ्यास एवढी एक गोष्ट पटवून दिली, तरी बराचसा निरर्थक खर्च वाचेल.

धूर निघत नसल्यास

बंद करण्याचा खटका बंद स्थितीतच राहिला नाही ना, हे पाहावे. हसू येण्यासारखी ही चूक नेहमी घडते. फ्युएल पंपाची दांडी जुन्या तेलाच्या चिकट्याने अडकून बसते. ती हाताने मागे-पुढे सहज सरकली पाहिजे. टाकीच्या तळाचा नट सैल करून थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव जमते. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवली की पाणी तळाशी बसून वेगळे दिसते. पाणी किंवा गाळ आढळल्यास सर्व तेल काढून टाकावे, टाकी धुवावी आणि फिल्टर बदलावा.

यानंतर हवा काढावी. टाकीची चावी उघडून फिल्टरवरील लहान स्क्रू सैल करावा. बुडबुडे मिसळलेले तेल बाहेर येईल. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळावा. तसेच फ्युएल पंपावरील स्क्रूचे करावे. शेवटी इंजेक्टरकडील जाड नळीचा नट अर्धा फेरा सैल करून, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवावे, आणि तेथे तेल उसळू लागताच नट घट्ट करावा. हा क्रम उलटा केल्यास हवा पुन्हा पुढे सरकते व श्रम वाया जातात. जोडाशी तेल पाझरत असल्यास तांब्याचा वायसर बदलावा. नवा नसेल तर जुनाच लालबुंद तापवून पाण्यात बुडवावा, तो मऊ होऊन पुन्हा नीट बसतो.

हवा पूर्ण निघाली असता हँडलच्या दर दोन फेऱ्यांना एकदा इंजेक्टरमधून ‘कर्र’ असा करकरीत आवाज येतो. आवाज येत नसेल, तर इंजेक्टर काढून त्याच नळीला बाहेरच्या बाजूस जोडावा व फवारा पाहावा. तो धुक्यासारखा असावा. धार लागत असेल वा थेंब गळत असतील, तर नोझल दुकानात तपासून घ्यावे. मात्र फवाऱ्यासमोर हात चुकूनही धरू नये. तेथील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम असतो आणि तेल कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही. परंतु वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट गमावण्याची पाळी येते. अशा माणसास तत्काळ इस्पितळात न्यावे.

पांढरा धूर निघत असल्यास

येथे हवेची वाट आधी पाहावी. बंद पडलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरात कुंभारीण माशी मातीची घरटी करते, आणि एअर क्लीनर उंदरांना फार आवडतो. वाट मोकळी असेल, तर दाब तपासावा. बंद करण्याचा खटका बंद ठेवून, डीकॉम्प्रेशन न उचलता, चाक हाताने सावकाश फिरवावे. दाबाच्या जागी ते अडले पाहिजे आणि सोडताच उसळून मागे आले पाहिजे. ते सहज पुढे सरकत असेल, तर हवा गळते आहे. ती कोठून गळते हे कानाने कळते. हवा घेण्याच्या नळीत फुसफुस ऐकू आली तर आत घेणारी झडप, सायलेन्सरात आली तर धूर सोडणारी झडप आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा सदोष आहेत. थंड करण्याच्या पाण्यात बुडबुडे आले, तर हेडचे गॅस्केट गेले.

तथापि झडपा घासण्यापूर्वी डीकॉम्प्रेशनच्या खटक्याची जुळणी पाहावी. त्याचा स्क्रू अधिक आवळलेला असला, की झडप केसभर उघडीच राहते. टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. रिंगांविषयी शंका असेल, तर इंजेक्टरच्या भोकातून दोन चमचे, अधिक नव्हे, वंगण तेल आत सोडून, डीकॉम्प्रेशन उचलून चाक काही फेरे फिरवावे व इंजेक्टर बसवून दाब पुन्हा पाहावा. दाब वाढला तर रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. तो होता तसाच राहिला, तर दोष बहुधा झडपांत किंवा गॅस्केटात आहे. मिस्त्री बोलवायचा तो आता, आणि नेमके काम सांगून.

दाब चांगला असूनही थंडीच्या पहाटे इंजिन पेटत नसेल, तर ते पुरेशा वेगाने फिरत नाही असे समजावे. काळे, घट्ट झालेले वंगण तेल बदलावे. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा उतरवून इंजिन सुरू करावे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील पाणी सोडून त्यात गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी भरले, की चार घटकांचे काम एका घटकेत होते.

हवेच्या नळीत पेट्रोल किंवा ईथर ओतण्याची आणि पेटता बोळा धरण्याची रीत सर्वथा त्याज्य आहे. तेल अवेळी पेटून हँडल उलट फिरते व मनगट मोडते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीत वळवू नये. धोतराचा सोगा व साडीचा पदर खोचलेला असावा. विहिरीच्या आत किंवा बंद खोपटात इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि खाली उतरलेला माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो.

इंजिन सुरू झाल्यावर पाच मिनिटे बोज्याविना चालवावे, मग पट्टा चढवावा. हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दव धरण्यास जागा राहत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा, आणि दर पंधरवड्यास डीकॉम्प्रेशन उचलून चाकाचे दहा-बारा फेरे द्यावेत.