आरोग्याचा जमाखर्च

प्रास्ताविक

घरात कोणी तापाने फणफणले, की सारे घर जागे होते. ताप अंगाला जाणवतो, जखम दुखते, खोकला ऐकू येतो. म्हणून आपण लगेच उपाय शोधतो. परंतु काही विकार असे असतात, की ते वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम करतात आणि त्यांची चाहूलही लागत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार हे त्यांपैकी प्रमुख होत. या विकारांचा आपल्या ताटाशी, वजनाशी आणि झोपेशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपण :
• आहार, वजन आणि निद्रा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करू शकाल;
• वजनकाट्यावरील आकड्याची मर्यादा सोदाहरण सांगू शकाल;
• आपल्या दिनक्रमात शक्य असलेले बदल ठरवू शकाल;
• समासाचे प्रकार ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. थेंबे थेंबे तळे साचे

दुकानदार दररोज संध्याकाळी वहीत जमाखर्च लिहितो. एका दिवसाच्या तुटीने दुकान बुडत नाही. पण रोजची लहानशी तूट कोणी पाहिलीच नाही, तर काही वर्षांनी दुकानाला टाळे लागते. शरीराचेही तसेच आहे. एका लग्नातील जेवणाने कोणी मधुमेही होत नाही आणि एका रात्रीच्या जागरणाने कोणाचे हृदय बंद पडत नाही. घडते ते सवयीमुळे, आणि सवय ही दिसायला नेहमीच किरकोळ असते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. रक्तातील साखर वाढू लागली तरी प्रारंभी काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तपासणी करत नाही. दरम्यान डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या यांची हानी चालूच असते. ज्या घरात एकच माणूस कमावता आहे, त्या घरात ही हानी केवळ एका शरीराची राहत नाही. मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी या साऱ्यांवर तिची सावली पडते.

२. आहार : ताटातील प्रमाण

कुन्नूर येथे १९१८ मध्ये बेरीबेरी या रोगाच्या संशोधनासाठी एक लहानसे केंद्र सुरू झाले. तेच पुढे वाढून हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था बनले. सडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावरच गुजराण करणाऱ्यांना बेरीबेरी होई, कारण कोंड्याबरोबर एक जीवनसत्त्वही निघून जाई. त्या काळात मुख्य प्रश्न उणिवेचा होता. आज एकाच घरात उणीव आणि अतिरेक एकत्र नांदताना दिसतात : पोटभर जेवलेल्या माणसाच्या शरीरात लोह कमी आणि साखर जास्त.

याचे कारण ताटाच्या रचनेत आहे. भात किंवा पोळीचा ढीग, डाळीचे पातळ वरण आणि कडेला चमचाभर भाजी अशा जेवणाने पोट भरते. परंतु प्रथिने, तंतू आणि जीवनसत्त्वे अपुरी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा तृणधान्यांतून येऊ नये. उरलेली डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, तेलबिया, अंडी, मासे यांतून यावी. त्यासाठी महागडी पाकिटे आणण्याची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक, मूठभर शेंगदाणे हे आपल्याच स्वयंपाकघरातील पदार्थ आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते.

आता जमेच्या दुसऱ्या बाजूस काय जाते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत मीठ खावे. भाजी-आमटीतील मीठ आपल्याला आठवते. पापड, लोणचे, फरसाण आणि बिस्किटे यांतील मीठ मात्र हिशेबात धरलेच जात नाही. साखरेचेही असेच होते. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर घेतली, तर केवळ चहातूनच सुमारे ४० ग्रॅम साखर पोटात जाते. दोन हजार किलोकॅलरींचा आहार असलेल्या व्यक्तीसाठी याच संघटनेने सांगितलेली वरची मर्यादा ५० ग्रॅम आहे, आणि ती २५ ग्रॅमच्या आत आणल्यास अधिक चांगले, असेही तिने म्हटले आहे.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रचलेली नाही. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वडे खाल्ले, तर शरीराला पिष्ट आणि तेल यांचाच भार सोसावा लागतो.

३. वजन : काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

केवळ वजनावरून माणूस लठ्ठ की सडपातळ हे ठरत नाही. उंचीचाही विचार करावा लागतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की शरीर वस्तुमान निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, उंची १.६० मीटर आणि वजन ६० किलोग्रॅम असल्यास निर्देशांक सुमारे २३.४ येतो. भारतीय प्रौढांसाठी २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. पाश्चात्त्य देशांत याच मर्यादा अनुक्रमे २५ आणि ३० आहेत. हा भेद का, याचे उत्तर पुण्यातील संशोधनातून मिळते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा ते युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही चरबी पोटाच्या पोकळीत, यकृताभोवती आणि यकृतात साठली, की इन्शुलिनचा प्रभाव घटतो. इन्शुलिन हे रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचवण्यास मदत करणारे संप्रेरक होय. त्याचा प्रभाव घटला, की स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन तयार करावे लागते. आणि एके दिवशी ते थकते. म्हणून काट्याबरोबरच शिवणकामाची टेपही जवळ असावी. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा.

या कथेचे मूळ जन्माच्याही आधी जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम भरले. मात्र आपली बालके लहान असूनही त्यांच्या देहातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून आणि भावाच्या पानात दूध वाढून स्वतः कोरा घास गिळणारी मुलगी ही केवळ अन्यायाची चित्रे नाहीत. आईचे पोषण आणि बाळाची घडण यांचा निकटचा संबंध आहे. म्हणून मुलीच्या ताटातील आजची उणीव पुढच्या पिढीच्या खात्यावरही मांडली जाऊ शकते.

४. निद्रा : गमावलेला वेळ नव्हे

अभ्यास, नोकरी आणि घरकाम यांची सांगड घालताना आपण सर्वप्रथम झोपेला कात्री लावतो. झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः गाढ झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला विसावा मिळतो आणि दिवसा शिकलेल्या गोष्टी स्मरणात पक्क्या होतात. प्रौढांना साधारणपणे किमान सात तास झोप आवश्यक असते.

शिकागो विद्यापीठात १२ निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन रात्री केवळ चार-चार तास झोपण्याची मुभा मिळाली, तेव्हा दहा-दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील तृप्तीची जाणीव देणारे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले. त्यांची ओढही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडेच अधिक होती. रात्री जागताना हात फरसाणाच्या डब्याकडे का जातो, याचे उत्तर येथे सापडते. तेथे दोष केवळ मनोनिग्रहाचा नसतो.

रात्रपाळी करणाऱ्यांना झोपेची वेळ निवडता येत नाही. त्यांनी दिवसा खोलीत अंधार आणि शांतता राखावी, मध्यरात्रीचे जेवण हलके ठेवावे आणि पाळीच्या अखेरच्या तासांत चहा टाळावा. कारण चहातील उत्तेजक द्रव्य शरीरातून निम्मे होण्यासही सुमारे पाच तास लागतात. घरातील इतरांनीही ती झोप म्हणजे आळस समजू नये. झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे हे मात्र डॉक्टरांना दाखवण्याजोगे लक्षण आहे.

५. हिशेब सुधारता येतो

उशीर झाला म्हणून सारे संपले, असे मानण्याचे कारण नाही. चेन्नई येथील संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याबाबत सातत्याने मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते. अर्थात काट्यावरचा आकडा हलला नाही, तरी केलेले श्रम वाया जात नाहीत.

आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांना देणे, चहातील साखर हळूहळू कमी करणे आणि झोपेची वेळ ठरवणे एवढ्यापासून आरंभ करता येतो. झटपट वजन उतरवण्याच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. कोणताही प्रयत्न न करता वजन घटू लागले, वारंवार तहान किंवा लघवी लागू लागली, तर रक्ततपासणी करून घ्यावी. तिशी ओलांडलेल्यांनी तक्रार नसतानाही जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासावी. वही उघडून पाहणाऱ्यालाच तूट दिसते. आणि दिसलेली तूट भरून काढता येते.

शब्दार्थ

निद्रा – झोप. उणीव – कमतरता. तृणधान्ये – गहू, तांदूळ, ज्वारी इत्यादी धान्ये. तंतू – अन्नातील न पचणारा धाग्यासारखा भाग. संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून स्रवणारे, क्रियांचे नियंत्रण करणारे द्रव्य. मनोनिग्रह – मनावरील ताबा.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. भारतीय पुरुषाच्या कमरेच्या घेराची मर्यादा किती?
(अ) ८० सें.मी. (आ) ९० सें.मी. (इ) १०० सें.मी.
२. अपुऱ्या झोपेमुळे काय घडते?
(अ) भूक मंदावते (आ) तृप्तीची जाणीव वाढते (इ) भूक वाढते
३. चूक की बरोबर ते सांगा : निर्देशांक समान असलेल्या दोन व्यक्तींच्या शरीरातील चरबीही समानच असते.

भाषा अभ्यास

दोन किंवा अधिक शब्दांच्या एकत्रीकरणाने जो जोडशब्द तयार होतो, त्यास सामासिक शब्द म्हणतात.
• जमाखर्च – जमा आणि खर्च : इतरेतर द्वंद्व समास
• भाजीपाला – भाजी, पाला व तत्सम इतर वस्तू : समाहार द्वंद्व समास
• दररोज – प्रत्येक दिवशी : अव्ययीभाव समास

कृती : आईवडील, औषधपाणी, प्रतिदिन या शब्दांचा विग्रह करून समास ओळखा.

आपण काय शिकलात?

• दीर्घकालीन आजार हे बहुधा रोजच्या लहान सवयींतून, लक्षणांवाचून वाढतात.
• पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.
• वजनाबरोबर उंची आणि कमरेचा घेर यांचाही विचार आवश्यक आहे.
• झोप, भूक आणि वजन एकमेकांशी निगडित आहेत.

पाठान्त प्रश्न

१. ‘आरोग्याचा जमाखर्च’ या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.
२. मुलींच्या पोषणाचा पुढच्या पिढीशी असलेला संबंध पाठाच्या आधारे लिहा.
३. चेन्नई येथील अभ्यासातून कोणता आशादायक निष्कर्ष निघतो?
४. आपल्या एका दिवसातील आहार, श्रम आणि झोप यांची नोंद करा व करता येण्याजोगा एक बदल आठ-दहा वाक्यांत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) २. (इ) ३. चूक