गिअरबॉक्स उतरवण्याआधी

जुनी जर्मन सेडान, तीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, ३०० च्या आसपास अश्वशक्ती, सहा गिअरांचा ऑटोमॅटिक. अशी गाडी सेकंड हँड घेताना सगळे इंजिनाचंच कौतुक करतात. खंडाळ्याच्या घाटात माझ्या गाडीने गिअर बदलताना असा गचका दिला की मागे बसलेल्या सासूबाईंनी रामाचा धावा केला. पुढच्या वळणावर आरपीएम चढला, पण गाडी ओढेना. मग डॅशबोर्डवर इशारा आला आणि ती एकाच गिअरला चिकटून बसली.

हा लिंप मोड. आत-बाहेरच्या शाफ्टचे वेग निवडलेल्या गिअरच्या प्रमाणात बसत नसतील, तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आतले क्लच वाचवायला गिअर बदलणंच थांबवतो. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की गाडी बऱ्याचदा शहाण्यासारखी वागते. त्या भरवशावर घर गाठायला जाऊ नये. घसरणारे क्लच बघता बघता जळतात. टोचन लावूनही ओढू नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, मागची चाकं मात्र आतले भाग तेलाविना फिरवत राहतात. फ्लॅटबेडच मागवावी.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला आणि सांगितलं, "गिअरबॉक्स बसला. कुर्ल्याहून जुना आणू, नाहीतर रिबिल्ड करू." आकडा जवळजवळ गाडीच्या किमतीएवढा. मी विचारलं, "तेलाची लेव्हल बघितली?"

"साहेब, ह्याला डिपस्टिकच नसते."

हे खरंच आहे. पण डिपस्टिक नाही म्हणून लेव्हल बघता येत नाही असं थोडंच आहे! गाडी लिफ्टवर सपाट हवी, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवून लिव्हर पुन्हा पी मध्ये. तेलाचं तापमान स्कॅनरवर वाचायचं. या जातीच्या गिअरबॉक्सला ते ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान लागतं. मग भरायचा बोल्ट उघडायचा. तेल बारीक धारेने बाहेर आलं तर लेव्हल बरोबर. इंजिन बंद करून मोजलेली लेव्हल फसवी असते.

दुसऱ्या मिस्त्रीने हे केलं, तेव्हा थेंबही आला नाही. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतात. स्कॅनरने दाखवलेला 'चुकीचा गिअर रेशो' हा कोड या परिणामाचा होता. कारण शोधायला गाडीखालीच जावं लागलं. वायरिंगचा मोठा कनेक्टर गिअरबॉक्सच्या भिंतीतून आत जातो, तिथे प्लास्टिकची एक बाही असते. उष्णतेने तिच्या ओरिंग कडक होतात आणि तेल पाझरू लागतं. फारच थोडं, म्हणून पार्किंगमध्ये डाग दिसेलच असं नाही.

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालची तेलाची थाळी, उतरवायचं ठरलं तर आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा. तेल काढून झाल्यावर तो अडकला, तर गाडी लिफ्टवरच राहील. चेंबरमधल्या चुंबकांवर राखाडी लगदा असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. धातूचे कपचे, क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे, जळका वास यातलं काही दिसलं तर मात्र रिबिल्डचा आकडा सांगणारा माणूस खरं बोलतोय. माझ्या चेंबरमध्ये लगदाच होता. बाही बदलली, चेंबरही नवीन, कारण फिल्टर त्यातच बसवलेला असतो.

तेल नेमक्या स्पेसिफिकेशनचंच घ्यावं, 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं सांगितलं जाणारं नको. चेंबर उतरवून साधारण निम्मंच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. गाड्या विकणारे या तेलाला आयुष्यभराचं म्हणतात. कोणाच्या आयुष्यभराचं, ते सांगत नाहीत. अशा गिअरबॉक्सच्या निर्मात्याचाच सल्ला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदला, असा आहे.

आणि बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं तरी हे कॉम्प्युटर भलतेच कोड टाकतात. नवी बॅटरी नव्या गिअरबॉक्सपेक्षा केव्हाही स्वस्त. दुरुस्तीनंतर अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करून घ्यावं, म्हणजे क्लच भरण्याचा दाब कॉम्प्युटर नव्याने शिकतो. तोवर गिअर थोडे अडखळत पडतील. हलक्या पायाने चालवा, मोकळ्या रस्त्यावर, सगळे गिअर चढते-उतरते येतील असं. स्पोर्ट मोडची घाई नको.