आडनावातले गाव : मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत

अश्दोद, लोद, रामले, दिमोना येथील बेने इस्रायल घरांच्या दारांवर अजून किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी नावे वाचायला मिळतात. काही कुटुंबांनी इस्रायलला आल्यावर हिब्रू आडनाव घेतले. काहींनी उच्चाराला सोपे जावे म्हणून शेवटचा ‘कर’ गाळला. मग एखादे दिवशी नातू विचारतो, “आजी, हा ‘कर’ म्हणजे काय?” त्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाला तरी देता आले पाहिजे.

‘कर’ म्हणजे त्या गावचा राहणारा. किहीमचा तो किहीमकर, पेणचा तो पेणकर. अशी शंभराहून अधिक आडनावे समाजात आहेत आणि त्यांतली बहुतेक गावे महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्यात आहेत. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, म्हणून वडीलधारी माणसे आजही ‘कुलाबा जिल्हा’च म्हणतात. या पाठात त्याच किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे आहे.

किहीम

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने निघाले की सुमारे तासाभरात मांडवा येते. तेथून रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून किहीमला जातो. किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि मागे वाड्या, असे हे गाव. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली येथे राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले तरच नर ते पुरे करतो. नंतर तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिले. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांचे आडनावही याच गावाचे.

नवगाव

किहीमच्या दक्षिणेला नवगाव. अलिबागच्या पलीकडे नागाव नावाचे दुसरे गाव आहे. दोघांची गल्लत करू नये. समाजाच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते नवगावला पुरली. ते जुने कबरस्थान आजही तेथे आहे आणि स्मारकही उभारले आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात.

वाचलेली कुटुंबे आसपासच्या गावांत पसरली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. बाकी बरेच विसरले गेले, पण शनिवार विसरला नाही.

अलिबाग

अली नावाच्या एका सधन माणसाने येथे विहिरी खणल्या आणि बागा लावल्या, त्यावरून अलिबाग, अशी कथा सांगतात. तो बेने इस्रायल होता, असेही काही जण म्हणतात. येथील इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. जुनी माणसे सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद बंदर भागाचे नावही सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापन केलेल्या सिनेगॉगवरून पडले, असे सांगतात.

अलिबागसमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचे काम सुरू करवले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. चोहोकडे खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून शिरते आणि तिचा जोर मोडतो. मात्र भरतीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचे नाही, हा तिथला नियम लहानथोर सर्वांना लागू आहे.

खंडाळा

हा खंडाळा घाटातला नव्हे, अलिबागजवळचा. येथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी येथे प्रकट झाले आणि रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या त्या खुणा उरल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक येथे येतात आणि मलिद्याचे ताट करतात : भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे. इस्रायलमध्ये मलिदा घरोघर होतो, पण ताटासमोर बसलेल्या मुलांना तो खडक कोठे आहे हे क्वचितच माहीत असते.

आक्षी, चौल, रेवदंडा

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी. येथील शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. जी लिपी आणि भाषा या वर्गात शिकवली जाते, तिची एक जुनी खूण याच किनाऱ्यावर आहे.

पुढे चौल हे प्राचीन बंदर आणि कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा. येथेही बेथ एल सिनेगॉग आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. एवढ्याशा गावाने ती कित्येक पिढ्या सांभाळली, कारण ती घरात बोलली जाते.

आडनाव बदलले तरी गाव जागेवर राहते. पण ते आपले होते हे सांगणारे माणूस गेले, की नकाशावर ते नुसते एक नाव उरते.

शब्दार्थ
वाडी – नारळी-पोफळीची बाग
गलबत – शिडाचे जहाज
घाणा – तेल गाळण्याचे यंत्र
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे
आळी – गावातली घरांची ओळ

स्वाध्याय
१. नवगाव आणि नागाव यांतला फरक सांगा.
२. ‘शनवार तेली’ हे नाव का पडले?
३. कुलाबा किल्ल्याच्या तटात चुना का नाही?
४. किहीम, नवगाव, अलिबाग, आक्षी, चौल, रेवदंडा ही गावे क्रमाने दाखवणारा नकाशा काढा.
५. घरातील मोठ्यांना आपले जुने आडनाव व गाव विचारा. त्या गावातली विहीर कोठे होती, शेजारी कोण राहत होते आणि पावसाळ्यात वाट कशी असे, हे त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून आणा. आजी-आजोबांनी मुलांना घाई करू नये; आठवेल तेवढे सांगावे.