छोट्या ट्रॅक्टरचे मागील दिवे

पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता देशाच्या अनेक भागांत वापरले जातात. सौराष्ट्रात कापूस व भुईमुगाच्या ओळींमधील आंतरमशागतीसाठी, तर नाशिक व सांगलीकडे द्राक्षबागांतील फवारणीसाठी त्यांना विशेष मागणी असते. त्यांची खरी उपयुक्तता त्यांच्या अरुंदपणात आहे; काहींची रुंदी एक मीटरहूनही कमी असते. मात्र जो ट्रॅक्टर ओळींमधून जेमतेम जातो, त्याच्या मडगार्डाबाहेर बोटभर आलेली वस्तूही सुरक्षित राहत नाही. मागील दिवे नेमके याच जागी बसविलेले असतात.

द्राक्षाच्या मांडवाचा खांब, तार किंवा पुढे आलेली फांदी ही दिवा फुटण्याची नेहमीची कारणे होत. रोटाव्हेटर वा कल्टिव्हेटर जोडताना अवजाराचा कोपरा दिव्यावर आदळतो. ट्रॉली जोडून अरुंद बांधावर वळण घेताना ट्रॉलीचा पुढील कोपरा मडगार्डापर्यंत येतो व दिवा दोहोंच्या मध्ये चिरडला जातो. दिवा लोखंडी पट्टीवर घट्ट बसविलेला असल्यामुळे धक्क्याचा सगळा जोर प्लॅस्टिकच्या काचेवर येतो. पट्टी वाकत नाही, म्हणून काच फुटते.

शेतात दिवसा काम चालू असता या दिव्यावाचून काही अडत नाही, आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. रस्त्यावर मात्र हिशेब वेगळा असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रॅक्टरमागून ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक येत असेल, तर दोहोंतील अंतर सेकंदाला सुमारे ११ मीटरने कमी होते. शंभर मीटर अंतर नऊ सेकंदांत संपते. अंधारात मातीने माखलेला ट्रॅक्टर पन्नास मीटरांवर दिसला, तर ट्रकचालकाला साडेचार सेकंदच मिळतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये रात्री वाहनामागे लाल दिवा असणे बंधनकारक आहे. पण नियम नसता तरी हा हिशेब बदलला नसता.

दिवा लागत नाही म्हणजे बल्ब गेला, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा ‘अर्थ’मध्ये सापडतो. अशा ट्रॅक्टरवर बॅटरीची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते आणि दिव्यातून गेलेला विद्युत्प्रवाह मडगार्डाच्या पत्र्यातून परततो. बोल्टखाली गंज चढला की हा परतीचा मार्ग तुटतो. द्राक्षबागांत मोरचुदाच्या फवारणीचा अंश पत्र्यावर साचत असल्याने तेथे गंज अधिकच लवकर धरतो. मग एक विचित्र लक्षण दिसते: ब्रेक दाबला की ब्रेकचा प्रकाश पडण्याऐवजी दोन्ही बाजू मंद उजळतात, किंवा बाजूदर्शक दिव्याच्या लुकलुकण्याबरोबर मागचा लाल दिवाही लुकलुकतो. परतीचा मार्ग बंद झाल्यामुळे प्रवाह शेजारच्या तंतूतून वाट काढतो, हे याचे कारण होय. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली एक तार दिव्याच्या धातूच्या बैठकीला टेकविताच सर्व सुरळीत झाले, तर नवा बल्ब आणण्याची गरज नाही. बोल्टखालचा पत्रा घासून स्वच्छ करणे पुरते.

बल्ब बदलायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागील व ब्रेकच्या दिव्यासाठी बहुधा ५ व २१ वॉटचे दोन तंतू असलेला एकच बल्ब वापरतात आणि त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात. तो उलटा, जोर करून बसविला की नेहमीचा दिवा प्रखर व ब्रेकचा दिवा मंद होतो. हा दोष चालकाला आसनावरून कधीच दिसत नाही. फुटलेल्या लाल काचेतून पांढरा प्रकाश मागे पडत असेल, तर तेही धोक्याचे आहे, कारण मागून येणाऱ्याला वाहन समोरून येत असल्याचा भास होतो. लाल चिकटपट्टी लावून घरापर्यंत पोहोचता येते. त्याहून अधिक काळ तिच्यावर विसंबू नये.

एकाच जागी दिवा दुसऱ्यांदा फुटला, तर दुरुस्तीपेक्षा जागा बदलणे शहाणपणाचे. दिवा मडगार्डाच्या बाहेरील कडेवरून आत व थोडा वर घ्यावा. पण फार आत घेतल्यास मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरची रुंदी कळत नाही, आणि फार खाली घेतल्यास उचललेले अवजार त्याला झाकते. मडगार्डाच्या कडेपासून चार-पाच बोटे आत, अवजार पूर्ण उचलले असतानाही दिसेल अशी जागा सहसा योग्य ठरते. चालकाच्या संरक्षणासाठी आसनामागे लोखंडी चौकट असेल तर तिच्यावर दिवा लावण्याचा मोह होतो. तेथे पकडपट्टीच वापरावी. त्या चौकटीला भोक पाडू नये व वेल्डिंगही करू नये. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव तिच्या मजबुतीवर अवलंबून असतो.

गावोगावचे मिस्तरी जुन्या टायरच्या रबराचा जाड तुकडा मध्ये घालून दिवा बसवितात. ही युक्ती खरोखर उत्तम आहे. खांब लागला की दिवा मागे झुकतो व पुन्हा सरळ होतो. मात्र रबरातून वीज वाहत नाही. म्हणून अशा दिव्याला सांगाड्यापर्यंत जाणारी वेगळी अर्थ-तार द्यावीच लागते. ती विसरली की नवा दिवा पहिल्याच रात्री लागत नाही आणि दोष बिचाऱ्या रबराला दिला जातो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू आधी सोडावी. धन बाजू आधी सोडताना पाना सांगाड्याला लागला तर ठिणगी उडते. वाढविलेल्या तारेचा जोड नुसता पिळून न ठेवता झाळावा व नळी चढवून झाकावा. पत्र्यातील भोकात रबरी कडी बसवावी, अन्यथा थरथरीने तारेचे आवरण कापले जाते. दोन ब्रेक दिव्यांना मिळून साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे, तार कोठे घासली आहे ते शोधणे हा आहे. दिव्याच्या तळाचे बारीक छिद्र बुजवू नये. आत शिरलेले पाणी बाहेर जाण्याची ती एकमेव वाट असते.

शेवटची तपासणी रात्रीच करावी. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने रस्त्यावर शंभर पावले मागे जाऊन पाहावे. आधी अवजार उचलून, मग ट्रॉली जोडून. ऊस भरलेली ट्रॉली जोडल्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे, कितीही चांगल्या जागी असले तरी, पूर्णपणे झाकले जातात. तेव्हा ट्रॉलीला स्वतःचे दिवे व त्यांना ट्रॅक्टरवरून वीज नेणारी जोडणी हवी, आणि तिच्या मागील फळीवर, लोंबत्या उसाने झाकले जाणार नाहीत अशा जागी, लाल परावर्तकही हवेत.