फुलोऱ्याआधी तुरीच्या गाठी बघा

आमच्याकडे ज्वारीत तूर घेण्याची पद्धत जुनी आहे. चार तासं ज्वारीची, दोन तुरीची. वर्षानुवर्षं उसाखाली असलेल्या रानात आम्ही हा पेरा केला. तिथे बऱ्याच काळात कडधान्य झालेलं नसल्यानं तुरीचं जिवाणू संवर्धक बियाण्याला नीट चोळलं होतं. पाकीट मुदतीतलं होतं. तरीही तूर पिवळी पडू लागली आणि शेजारच्या तासातली ज्वारीही फिकी दिसू लागली.

रोपं खणून काढली, तर मुळांवर गाठी तुरळक आणि फोडल्यावर आतून पांढुरक्या. कामाची गाठ आतून गुलाबी असते. पुढे कळलं, विक्रेत्यानं ती पाकिटं उन्हाळाभर तापत्या पत्र्याखाली ठेवली होती. रायझोबियम जिवाणू पेरणीआधीच मेले होते.

या जोडीत ज्वारी जमिनीतला नत्र झपाट्यानं उचलते. तुरीला मग हवेतल्या नत्रासाठी गाठींतल्या जिवाणूंवर विसंबावं लागतं. जिवाणू जोमात असतील, तर जमिनीतला नत्र ज्वारीला उरतो आणि दोन्ही पिकं साधतात. गाठीच नसतील, तर दोघी त्याच तुटपुंज्या नत्रासाठी झगडतात. तुरीनं मिळवलेला नत्र त्याच हंगामात ज्वारीला फारसा मिळत नाही. तो गळलेला पाला आणि मुळं कुजल्यावर बेवड म्हणून पुढच्या पिकाला लाभतो. मायकोरायझा बुरशी मात्र दोन्ही पिकांच्या मुळांत वस्ती करते आणि मुळं पोचत नाहीत तिथला स्फुरद, जस्त आणून देते.

म्हणून माझं सांगणं एवढंच:

• पाकिटावर मुदतीसोबत पिकाचं नावही वाचा. हरभऱ्याचं संवर्धक तुरीला उपयोगी नाही. दुकानात ते कुठे ठेवलंय ते डोळ्यांनी बघा आणि घरीही थंड, सावलीच्या जागी ठेवा.

• बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. ते रासायनिक खतात मिसळू नका.

• वरखताचा युरिया ज्वारीच्या तासातच द्या. तुरीच्या मुळाशी जास्त नत्र पडला की गाठी कमी धरतात.

• पाणी साचू देऊ नका. गाठींनाही हवा लागते.

• पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, वाफसा असताना, रानात चार-पाच ठिकाणी रोपं खणा. उपटलीत तर गाठी मातीतच तुटून राहतात.

गाठी गुलाबी असतील, तर तुरीवर युरियाचा खर्च करू नका. पांढऱ्या किंवा तुरळक असतील, तर फुलोऱ्याची वाट न बघता कृषी सहायकाला रोप दाखवा आणि तुरीला किती नत्र द्यायचा ते ठरवा. तेवढ्या वेळात हंगाम अजून हातात असतो.